गोणींचा कोट

प्रवासाविषयी लिहावे एवढा मी फिरलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि यवतमाळहून आमच्या बंजारा तांड्याची वाट ती केवढीशी! तरी लिहायचे धाडस करतो आहे. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बासष्ट साल होते. चीनशी लढाई चालली होती आणि माझा मोठा भिया (भाऊ) हिमालयातल्या एका ठाण्यावर होता. दिवाळीत मी याडीला (आईला) ठासून सांगितले होते की, मातीच्या पोत्यांचा मोर्चा रचला की आतला माणूस सुरक्षित. पुस्तकात तसे वाचले होते. मग वर्तमानपत्रात आले, वरची ठाणी वेढली गेली. याडीला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी निघालो.

दारव्ह्यापर्यंत छोट्या रेल्वेगाडीने गेलो. स्टेशनाबाहेर चहावाल्याच्या रेडिओभोवती माणसे गोळा झाली होती. मी कान देण्याचे टाळले. दिग्रसच्या एस.टी.त एक कापूस दलाल शेजारी बसले. भियाचे ऐकून त्यांनी मला अर्धे संत्रे दिले.

"भिताडाआडून लढून राह्यले ना आपले? मंग कायले भेता भाऊ?"

मीही दिवाळीत हेच बोललो होतो. उरलेल्या फोडी मी रुमालात बांधून ठेवल्या.

दिग्रसला सरकी काढायच्या जिनाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. आमच्या तांड्याची एक गाडी रिकामी होऊन परतत होती, तिच्यात बसलो. दोन्हीकडे तूर पिवळी फुलली होती. पुढे सागाची टेकडी लागली आणि मला तिथे झाडांमागे माणसे दिसू लागली. कोणी नव्हते. तरी टेकडी मागे पडेपर्यंत मी तिकडेच पाहत राहिलो.

याडीने बाटी (भाकरी) आणि अंबाडीची भाजी वाढली. वेढ्याचे मी तिला सांगितले, तशी तिने ताटात आणखी एक बाटी ठेवली. मग बापू (वडील) मला नायकांकडे घेऊन गेले. नायक म्हणजे तांड्याचे म्होरके, ऐंशीच्या घरातले. लहानपणी ते लदेणीबरोबर, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून, मुलूख हिंडलेले. त्यांचे गोरबोलीतले बोलणे इथे वऱ्हाडीत देतो.

मुक्कामाला गोणी एकावर एक रचून गोल कोट करत आणि बैल आत घेत, हे मला माहीत होते. मी विचारले, तो कोट कधी फुटला का?

"फुटला नाही. फोडाले कोणी आलंच नाही. लुटारू नाल्यावर जाऊन बसले. गोणीत दाणा होता, पाणी कुठून आणतं? दोन दिवसांत बैलं जिभा काढू लागले."

"मग?"

"मंग कोट आमीच उघडला. मांगच्या बाजूनं निघालो, गोणी सोडून. आत माणसं हायेत असं वाटावं म्हून माया काका आगीपाशी राह्यला."

काकांचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही. भियाच्या ठाण्याला खाली उतरणारी एकच पायवाट होती, हे त्याने सुट्टीत सांगितले होते. बापूंनाही ते आठवले असावे.

"माया पोरगा मोर्चा सोडून पळाचा नाही," ते म्हणाले.

नायक हसले. "म्हणूनच भेव वाटते रे."

तिसऱ्या दिवशी मी यवतमाळला परतलो. कॉलेजच्या आवारात खंदक खणले जात होते. मीही फावडे घेतले, पण आत उतरवेना. भिंत गोळी अडवते. वाट अडवणाऱ्याला ती काही करू शकत नाही. पुस्तकात हेही असेल, मी तिथवर वाचले नव्हते.

थंडी सरता सरता बापू कॉलेजच्या दाराशी येऊन उभे राहिले. भिया जिवंत होता. पायाची बोटे बर्फाने गेली, पण दवाखान्यात होता आणि बापू त्याला भेटून आले होते. शत्रू मोर्च्यावर आलाच नाही. मागे जाऊन पायवाटेवर बसला. रसद संपली, तेव्हा भिया आणि त्याचे सोबती जंगलातून निघाले.

मी रडलो. बापू रडले नाहीत.

"नायकाले सांगतलं. त्याइनं एकच इचारलं, आगीपाशी कोण राह्यलं?"

"कोण?"

"गढवालचा एक पोरगा होता म्हणे. बंदूक चालवत राह्यला. भिया त्याचं नाव घेते, आन् मंग दिवसभर बोलत नाही."