लागलं की हो म्हणा

बोरी गावात पंचफुला कासारणीचा हात म्हणजे हात! पोरीचा पंजा नुसता दाबला की बांगडीचं माप सांगणार. तीस वर्षं बाजारात अन् लग्नाघरी बायकांना बांगड्या भरण्यात गेली. बाई तोंडाची लय फटकळ, पण तिच्या हातून बांगडी वाढली, म्हणजे फुटली, असं क्वचितच व्हायचं.

यंदा एका नवरीला हिरवा चुडा भरताना एक वाढली. होतं असं कधीमधी. तेवढ्यात नवरीची आई ओरडली, "अगं बया, रगत!" साऱ्याजणींनी नवरीचा हात धुऊन बघितला, तर साधा ओरखडा न्हाई. रक्त पंचफुलाबाईच्याच करंगळीतून वाहत होतं. काच आत रुतून बसलेली आणि बाईला पत्ताच न्हाई!

"कामाच्या नादात कळलं न्हाई," म्हणून बाई हसली अन् करंगळी पदरात गुंडाळली. करंगळी अन् शेजारचं बोट चार महिन्यांपासून बधिर होतं. मनगटावर एक फिकट चट्टाही होता, तो तिनं जास्तीच्या बांगड्यांखाली झाकलेला. महारोग असला तर? मग कोणती आई आपल्या लेकीचा हात हिच्या हातात देईल? शेवटी सून राजेश्रीनंच तिला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टर अनुपमा पोरगेली होती. तिनं कोपरामागची नस चाचपली. ती सुतळीएवढी जाड लागली.

"मावशी, डोळे मिटा. पेनाचं टोक लावते. लागलं की हो म्हणा."

बाई काय कच्च्या गुरूची चेली होय? डॉक्टरच्या कोटाची बाही सळसळली की "हो". असे सात हो झाले. राजेश्रीचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, शेवटच्या तीन वेळा मी पेन टेकवलंच नाही," डॉक्टर म्हणाली.

"मग काय म्हणू?" बाई उसळली. "न्हाई म्हणून धंदा बुडवू?"

डॉक्टर रागावली नाही. "या नसेच्या पेशी मानेच्या मणक्यापाशी असतात. एकेका पेशीचा बारीक धागा थेट करंगळीपर्यंत येतो. त्याच्याभोवती दुसऱ्या पेशींचं अस्तर असतं. या रोगाचा जंतू त्या अस्तरात शिरतो, नस सुजते, धागा आवळला जातो. मेलेला धागा परत येणं अवघड, पण नुसता आवळलेला औषधानं वाचू शकतो. रोगही बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात. पण कुठवर लागलेलं कळत नाही, हे तुमच्याशिवाय मला कोण सांगणार?"

बाईनं पुन्हा डोळे मिटले. बाही सळसळली.

"न्हाई," ती म्हणाली. मग शेजारच्या बोटावर, "न्हाई." तळहाताच्या कडेला तिला रडूच फुटलं, "न्हाई गं माय."

मग मधलं बोट.

"हितं... हितं लागायलंय!" आणि लगेच, डोळे घट्ट मिटूनच, घाबरून तिनं विचारलं, "का आताबी तुमी टेकवलंच न्हाई?"

"टेकवलं, मावशी. आत्ता टेकवलं."