फिट नाही, साहेब

माझ्या घरात ‘फिट’ हा शब्द चालत नाही. नात म्हणते, "आजी, या वयातसुद्धा तू एकदम फिट आहेस हं," आणि मी तिला तिथल्या तिथं झापते. ठणठणीत म्हण, धडधाकट म्हण, टुणटुणीत म्हण. मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? ती डोळे फिरवते आणि विचारते, एका शब्दावर एवढी काय चिडतेस? एका शब्दावर! त्या शब्दानं माझं काय केलं आणि माझ्या आईचं काय केलं, हे तिला मी कधी सांगितलेलंच नाही. आता सांगते.

आम्ही कन्हानला राहायचो. वडील कोळशाच्या खाणीत होते, आई बांधकामावर घमेली उचलायची. मी दोन वर्षांची असताना मला ताप आला आणि तो उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडलेला होता. पोलिओ. पाय पुढे नीट वाढलाच नाही, उजव्यापेक्षा आखूड आणि काडीसारखा बारीक राहिला. वस्तीतल्या बायका आईला म्हणायच्या, "कायले एवढा जीव लावून राहिली वं तिच्यात? देवानं नेली असती त सुटली असती." माझ्यासमोर म्हणायच्या, मला काही कळत नसल्यासारखं. आई घमेलं खाली आपटून म्हणायची, "तुह्या घरचं खाऊन राहिली काय वं ते? नाही ना? मंग तुह्या पोटात काहून दुखते?" आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण तोंड होतं. मुकादम असो की रेशनवाला, ती कोणापुढे गप्प बसायची नाही.

आणि डोकं होतं. माझ्या पायावर कोणी तेल सांगितलं, कोणी अंगारा सांगितला. तिनं सहा महिने सगळं करून पाहिलं आणि मग एक दिवस बंद केलं. घराच्या आढ्याला तिनं दोर बांधला. "पाय गेला, जाऊ दे. हात कर, हात," म्हणाली. रोज संध्याकाळी त्या दोराला लोंबकळून मी स्वतःला वर ओढायची. आई खाली बसून भाजी निवडता निवडता मोजायची. मी रडले की ती मोजणं थांबवायची, रडणं संपलं की पुढून मोजायला लागायची. विहिरीच्या काठावर बसवून तिनं माझ्याकडून बादल्या ओढून घेतल्या. दहाव्या वर्षी मी आमच्या दारातल्या कडुनिंबावर नुसत्या हातांनी चढत होते. हे तिला कुठल्या डॉक्टरानं सांगितलं नव्हतं. तिनं बसून विचार केला होता, बस.

आता आमचे शास्त्राचे गुरुजी ऐका. सातवीत त्यांनी धडा शिकवला, निसर्गात कोण टिकतं आणि कोण मरतं. शिकवता शिकवता त्यांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी मला पुढे बोलावलं आणि वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा माझ्याशेजारी उभा केला. "सांगा रे, आत्ता वाघ आला, तर दोघांपैकी कोण वाचेल?" अख्खा वर्ग त्या मुलाचं नाव घेऊन ओरडला. गुरुजी समाधानानं म्हणाले, "बरोबर. जो सशक्त तो राहतो, दुर्बळ जातो. हा निसर्गाचा नियम आहे." बारा वर्षांची मुलगी समोर उभी आहे आणि हा माणूस तिला तिच्या मरणाचा नियम सांगतोय! आज साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळून मी निवृत्त झालेली बाई आहे, आणि अजूनही मला त्यांचा संताप येतो.

मी म्हणाले, "गुरुजी, मी वाचीन."

"कशी काय?"

"मले पळता येत नाही हे मले मालूम आहे ना. म्हणून मी वाघ यायच्या आधीच झाडावर जाऊन बसीन. याले वाटते याले पळता येते, म्हणून हा खालीच राहीन. वाघ त याच्याहून जोरात पळते."

"आणि या पायानं झाडावर चढशील होय?"

"हातानं चढीन."

वर्ग हसला. या वेळी माझ्यावर नाही, हे गुरुजींना बरोबर कळलं. उलट उत्तर दिलं म्हणून त्यांनी मला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "बरोबर बोलली. डोस्कं आहे त लोकायले सांगा लागते. गप्प बसलं त त्यायले वाटते, आतमंदी काहीच नाही." हे तिचं वाक्य लक्षात ठेवा.

मी मॅट्रिक झाले तेव्हा कोराडीला वीजघराच्या चिमण्या उभ्या राहत होत्या आणि आई तिथंच घमेली वाहायला जात होती. मास्तरकीच्या कोर्सला नागपूरला माझं नाव यादीत लागलं. आमच्या वस्तीतून तिथपर्यंत गेलेली मी पहिली मुलगी. फक्त सरकारी दवाखान्यातून तब्येतीचा दाखला आणायचा होता, आणि तो शनिवारच्या आत दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. गुरुवारी आईनं कामावर खाडा केला आणि आम्ही दोघी सकाळच्या बसनं नागपूरला गेलो. जून लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता आणि ऊन मे महिन्याचंच होतं.

दवाखान्यात एक कंपाउंडर टेबल टाकून बसला होता. तो कागद भरायचा आणि आत डॉक्टर गठ्ठ्यावर सह्या करायचे, माणसाकडे न बघता. मला नर्सनं वजन-उंचीसाठी पडद्यामागे नेलं. आई टेबलासमोर उभी राहिली. आणि तिथं तो प्रश्न आला.

"मुलगी फिट आहे का, बाई?"

आता हे समजून घ्या. आमच्या वस्तीत फिट म्हणजे एकच. हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो, लोक धावत जाऊन नाकाला जोडा हुंगवतात. आमच्या ओळीतल्या एका सुनेला फिट यायची. ती चुलीवर पडून भाजली आणि नवऱ्यानं तिला माहेरी पाठवली ती कायमची. आईच्या जिवाचं पाणी झालं असणार. पाय तर दिसतच होता, त्यात हे आणखी एक बालंट नको! पडद्याआडून मी तिचा आवाज ऐकला, चांगला ठणठणीत:

"फिट? नाही साहेब, फिट नाही! कधीच नाही! आमच्या खानदानात कोणालेच फिट नाही, कोणालेही विचारून घ्या!"

रांगेतले दोघं-तिघं हसले. का हसले ते मला आत कळलं नाही. त्या कंपाउंडरला कळलं होतं, शंभर टक्के कळलं होतं. विदर्भातल्या दवाखान्यात बसतो आणि त्याला फिट म्हणजे काय हे माहीत नसेल? पण त्यानं लिहिलं ‘अनफिट’, आणि डॉक्टरांनी सही ठोकली.

आईनं तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला. बसमध्ये खुशीत होती. म्हणाली, "तो फिटीचं विचारून राहिला होता. म्या त्याले चांगलंच ठणकावलं." कामठी आली तेव्हा मी कागद मागितला, उघडला आणि वाचला.

मी काय केलं सांगू? मला कंपाउंडरचा राग यायला हवा होता, त्या न बघता सह्या करणाऱ्या डॉक्टरचा यायला हवा होता. मी भरल्या बसमध्ये आईवर ओरडले. "तुले अक्कल नाही का वं? त्यानं इंग्रजी फिट विचारलं होतं, चांगली आहे का म्हणून! कळत नाही त काहून बोलली? अडाणी कुठली! तुह्या तोंडापायी माह्यं सारं गेलं!"

जिनं आढ्याला दोर बांधला, तिला मी अक्कल नाही म्हणाले. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. कन्हान येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

शुक्रवारी आम्ही परत गेलो. मी कंपाउंडरला समजावून सांगितलं की आईचा गैरसमज झाला. त्यानं कागद पाहिला, मग माझ्या पायाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चुकून लिहिलं गेलं असेल, पण बरोबरच लिहिलं गेलं."

हे ऐका! चुकून लिहिलं, पण बरोबर लिहिलं! मी त्याला बाजूला सारून सरळ आत शिरले. डॉक्टर वैतागले. "मास्तरणीला दिवसभर उभं राहावं लागतं. तू राहशील?"

"राहीन."

"मग राहून दाखव. बाहेर व्हरांड्यात, दवाखाना बंद होईस्तोवर. टेकायचं नाही, बसायचं नाही."

गुरांच्या बाजारात बैल पाहतात ते यापेक्षा बरं. निदान बैलाची परीक्षा घेतोय हे बाजारवाल्याच्या लक्षात तरी राहतं.

मी दारापाशीच उभी राहायला गेले. आईनं माझ्या बाहीला धरून ओढलं आणि हनुवटीनं पलीकडचा कोपरा दाखवला. तिथं तेव्हा ऊन होतं. मी "काहून?" विचारलं, ती काही बोलली नाही, नुसती हनुवटी पुन्हा तिकडे केली. अर्ध्या तासात ऊन सरकलं, आणि दुपारभर सावली राहिली ती त्या कोपऱ्यातच. दाराजवळची फरशी तव्यासारखी तापली. उभा जन्म उन्हात काम केलेली बाई, सावली कुठं जाणार हे तिला ठाऊक होतं. तिनं तिची चप्पल काढून माझ्या डाव्या टाचेखाली सरकवली, म्हणजे दोन्ही पाय सारखे झाले. टेकायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते. चपलेचं काही म्हणाले नव्हते. ती स्वतः अनवाणी उभी राहिली.

बाराच्या सुमारास एक उंचापुरा गडी, पोलिसभरतीसाठी आलेला, अंगणातल्या रांगेत उघड्या डोक्यानं उभा होता तो धाडकन खाली पडला. त्याला ऊन लागलं होतं. त्याच्या हातातला कागद माझ्यासमोर उडत आला. त्यावर फिट लिहून सही झालेली होती. आईनं पळत जाऊन त्याला सावलीत ओढलं, पदर ओला करून डोक्यावर ठेवला, कोणाच्या तरी डब्यातला कांदा फोडून नाकाशी धरला. कंपाउंडर धावत आला. "काय झालं? बाई, काय झालं याला?" आई खाली मान घालून पदर पिळत राहिली. तो दोनदा ओरडला तरी तिनं तोंड उघडलं नाही. मीच सांगितलं, ऊन लागलं म्हणून.

दवाखाना बंद करून डॉक्टर किल्ल्या खुळखुळवत निघाले आणि मला बघून थबकले. "तू कोण? इथं काय करतेस?"

साफ विसरले होते! माझ्या मांड्या लटलट कापत होत्या, ओठ सुकून फुटले होते, आणि हा माणूस मधल्या वेळात जेवून आला होता. मी कागद पुढे केला. त्यांनी भिंतीवर धरून पेन काढलं आणि त्या इंग्रजी शब्दाची आधीची दोन अक्षरं खोडली. दोन अक्षरं. नवीन कागदसुद्धा दिला नाही.

पुढे मी नोकरीला लागले आणि सगळा जन्म उभ्यानं शिकवलं. निसर्गाच्या नियमाचा धडा आला की मी मुलांना विचारायची, वाघाच्या आधी झाडावर कोण बसेल? मला वाटायचं, जिंकले मी.

आई मात्र त्या बसपासून कुठल्याही टेबलापुढे बोलली नाही. बँकेत, रेशनला, माझ्या शाळेत, माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा. वस्तीत बायकांशी भांडायची, घरात मला दटावायची, पण समोर कागद-पेनवाला माणूस आला की पदर तोंडात. मी कितीदा म्हणाले, "आई, बोल ना वं." ती हसायची आणि माझ्याकडे बोट दाखवायची.

त्या बसनंतर दहाएक वर्षांनी एका सकाळी ती घामानं डबडबून उठली. मी तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, भला होता, तिच्या उशाशी वाकून त्यानं विचारलं, "आजी, नेमकं कुठं दुखतं? छातीत की पोटात? सांगा मला." आईनं पदराचा बोळा ओठांवर दाबला. त्यानं पुन्हा विचारलं. मी तिचा हात धरला, हलवला, अक्षरशः ओरडले, "आई, सांग ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "तूच सांग वं. मी बोलली त बिगडते."

डॉक्टर माझ्याकडे वळला. तिला कुठं दुखत होतं, ते मला माहीत नव्हतं.