त्या ठरावाचा अनुमोदक

ही गोष्ट मी आजवर कुणालाही नीट सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली की मी खोकतो, पाणी मागतो, नाहीतर सोयाबीनच्या भावाचा विषय काढतो. बायकोला ती ठाऊक आहे, पण मी सांगितली म्हणून नव्हे. तिच्या डोळ्यांदेखत घडली म्हणून. आता वय ऐंशीच्या घरात गेलं. मी गेल्यावर कुणीतरी दोन शब्द बरे बोलेल आणि ते खोटे असतील, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

मी कंधारचा. बी-बियाण्यांचं दुकान होतं. एका निवडणुकीत समोरचे दोघं एकमेकांना पाडण्यात इतके गुंतले की मी नांदेड जिल्हा परिषदेवर निवडून आलो. सभागृहात माझी ख्याती एकच, अनुमोदक म्हणून. एकाने ठराव मांडला की दुसऱ्याने उठून अनुमोदन द्यावं लागतं, नाहीतर ठराव तिथंच पडतो. माझं कुणाशीच वाकडं नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुढं पुढं तर उठायचीही गरज राहिली नाही. सभा विभागातले एक जुने कारकून होते, नांदेडच्याच मुसलमान घराण्यातले. अक्षर मोत्यासारखं. ते सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवत आणि अनुमोदकाच्या जागी माझं नाव घालत.

"साब, आज तुम्ही शाळेच्या पत्र्यांना अनुमोदन दिलंय, आणि जनावरांच्या दवाखान्याला पण."

"असं का? चांगलं केलं की मी."

असा आमचा संवाद. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट गावात सांगत असे, माझ्याशिवाय परिषदेचं पान हलत नाही.

लातूरच्या भूकंपानंतर मदतीचा ओघ आला, तेव्हा नांदेड आणि लातूर या दोन जिल्हा परिषदांनी मिळून एक पाणीपुरवठा मंडळ काढलं. धरण हद्दीवर, नळ दोन्हीकडे. घाईघाईत जी गावं पहिल्या यादीत लागली, त्यांना मंडळात मत मिळालं. मागून जोडलेल्या टोकाच्या गावांना नळ मिळाला, मत नाही. व्हॉल्व्ह कधी सोडायचा, किती सोडायचा, हे मतवाले ठरवत. म्हणजे टोकाला नळ होता आणि त्यातून बहुतेक दिवस हवा येत होती.

मुखेड तालुक्यातल्या अशाच एका टोकाच्या गावाहून एक बाई राखीव जागेवर निवडून आल्या. मी त्यांना ताई म्हणत असे, त्या मला दादा. माहेर लातूरकडचं, भूकंपात ते गेलं, माणसांसकट. पहिलं वर्षभर त्या सभेत गप्प बसल्या. आम्हाला वाटलं, बाई साधी आहे. मग त्यांनी ठराव आणला: मंडळाचा कायदा बदलावा, नळ आहे त्या प्रत्येक गावाला मत असावं. दोन्ही जिल्हा परिषदांनी पाठिंबा दिला तर सरकार कायदा दुरुस्त करणार होतं. लातूरने दिला. त्यांना खात्री होती की नांदेडात तो पडेल. आमचे अध्यक्ष धरणाजवळच्या गावचे होते.

ताई माझ्या दुकानी आल्या. खताच्या पोत्यावरच टेकल्या.

"दादा, तुम्ही अनुमोदन देता का? बाकीचे हाव म्हणतेत अन् फिरतेत."

"त्यात काय विचारायचं? माझं नाव असतंच."

"नाव नको मला, तुम्ही उभं राहा. भूकंपात म्या बघितलंय. यादीत नाव न्हाई त्याला ताडपत्री न्हाई. एका मताची गोष्ट हाय, पण तेवढ्यानं बाया कोसभर चालायच्या थांबतील."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. छाती तेव्हा बरीच भरदार होती.

आता घरचं सांगतो. मुलीला दहावीत चांगले गुण होते, पण लातूरला हवे तितके चांगले नव्हते. त्या काळी आमच्या भागात पोर हुशार निघालं की ते लातूरला न्यायचं, ही रीतच पडली होती. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी खोल्या, आणि बसमध्ये एकच बोलणं, कुठं लागला नंबर. बायको मुलीला घेऊन चार दिवस लातूरला बहिणीकडे बसली होती. मी पाणी मंडळाच्या सभापतींना, म्हणजे लातूरच्या एका वजनदार गृहस्थांना, एकदा सहज बोललो होतो की पोरीचं बघा जरा. एका क्लासच्या चालकांशी त्यांची ऊठबस होती.

सभेच्या दिवशी हजेरीपटावर सही करून मी चहा पीत होतो. कारकुनांच्या टेबलावरचा फोन वाजला. माझ्यासाठी होता. सभापती स्वतः.

"काम झालं तुमचं. फक्त आज पाचच्या आत वडिलांची सही पाहिजे. लगेच निघा."

मी कारकुनांना विचारलं, "टोकाच्या गावांचा विषय कधी येतो?"

"जेवणानंतर. तुमचं नाव टाकून ठेवलंय साब."

बस. माझं नाव लिहिलेलं आहे, मग तिथं मी कशाला पाहिजे, असं मला वाटलं. खरंच वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या नावाने माझ्यापेक्षा जास्त काम केलं होतं.

लातूरची बस लोह्याला थांबली तेव्हा डोक्यात उजेड पडला. सभापतींना आजचीच वेळ कशी सुचली? समोर नांदेडला परत जाणारी बस उभी होती. मी उतरलो. भजी घेतली. भजी चांगली होती. परत लातूरच्या बसमध्ये चढलो.

क्लासच्या दारात बायको आणि मुलगी भेटल्या. बायको म्हणाली, "तुम्ही का आलात? नाव सकाळीच यादीत लागलंय." आत गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "वडीलच कशाला? आईची सही चालते की." म्हणजे मला विकत घेणाऱ्याने माझ्या बदल्यात दिलं ते आधीच माझं होतं. बैलबाजारात असा सौदा कुणी ऐकला नसेल.

दुसऱ्या दिवशी कारकुनांना फोन केला. त्यांचा आवाज पडलेला होता. "अध्यक्षांनी या वेळी मोठ्यानं विचारलं, अनुमोदक कोण? ताई उभ्या होत्या. तुमच्या खुर्चीकडं बघत राहिल्या. तीनदा विचारलं साब. मग म्हणाले, ठराव पडला. मी तुमचं नाव खोडलं. पहिल्यांदाच खोडलं."

आणि मी काय म्हणालो? "मला चक्कर आली होती हो. दवाखान्यात नेलं." माझ्या तोंडून आपोआपच निघालं.

आठवड्याने ताई मुखेडच्या बसने आमच्या घरी हजर. हातात पिशवी, पिशवीत घरच्या शेतातल्या शेंगा. त्यांना अंगणात पाहून मी धावत आत गेलो आणि भर उकाड्यात गोधडी ओढून पडलो. बायको कानाशी येऊन म्हणाली, "आता कण्हा तरी नीट." मी कण्हलो. ताई उशाशी बसल्या.

"लई काळजी लागली होती दादा. ठरावाचं काय, परत आणता येतो. जिवाला जपा."

ठराव परत आला नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या गटाचं आरक्षण फिरलं, त्या घरी बसल्या. मंडळ तसंच चाललं. त्यांचं गाव टँकरवर राहिलं आणि बाया चालत राहिल्या. माझी मुलगी शिकली, डॉक्टर झाली. तिचा यात दोष नाही. तिला आजही वाटतं की बाप त्या दिवशी तिच्यासाठी धावत आला.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या गावी गेलो. वाक्यं बसमध्ये पाठ केली होती. ताई थकल्या होत्या, पण ओळखलं. चहा टाकला. मी घसा साफ केला, "ताई, मी त्या दिवशी..." इतक्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. सगळी गल्ली घागरी घेऊन पळाली. ताईही उठल्या, गुडघ्यावर हात टेकत, दोन कळशा घेऊन. मी एक कळशी मागितली तर हसून म्हणाल्या, "बसा हो, तुम्ही पाव्हणे." त्या परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. त्या अवस्थेत त्यांना माझं ऐकवायचं? असं मी मनाला म्हटलं आणि परतीची बस पकडली. मनाला काहीही पटवता येतं, निदान माझ्या तरी.

त्या गेल्याचं मला महिन्याने कळलं. म्हणायचं होतं ते एवढंच: ताई, मला चक्कर आली नव्हती. मी धडधाकट होतो. लोह्याला मला सगळं कळलं होतं आणि परतीची बस समोर उभी होती. तुम्ही खुर्चीकडे बघत होतात तेव्हा मी लातूरच्या वाटेवर होतो, माझ्या मर्जीने. मला माफ करा.