नोलची डुकरं

हॉलंडमधल्या, ब्राबांतातल्या त्या गावात नोल ओळखू यायचा तो वासावरून. रविवारी अंग घासून चर्चमध्ये आला तरी पुढच्या बाकावरच्या बाया नाकाला रुमाल लावायच्या, आणि हा बहाद्दर मोठ्यानं म्हणायचा, "नाकं काय मुरडता? दुपारी हाच वास बोटं चाटून खाल!" सत्तरी उलटल्यावर डुकरांचा गोठा लेकानं घेतला, पण पिलांच्या पाठी खाजवल्याशिवाय म्हाताऱ्याला सकाळची कॉफी जायची नाही.

पोटाच्या ऑपरेशनला गेला, तेव्हा दारातच नर्सनं नेहमीचा प्रश्न टाकला, "आजोबा, डुकरांपाशी जाता?"

हो म्हटलं की एकांताची खोली, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. डुकरांत वावरणाऱ्याच्या नाकात औषधाला न जुमानणारे जंतू असतात ना! नोलचा थोरला भाऊ अशाच खोलीत वारला होता, शेवटी मास्कशिवायचा एकही उघडा चेहरा न बघता. शिवाय मोठ्या वॉर्डात पत्त्यांतला जोडीदार टिनस आधीच येऊन पडला होता.

"केव्हाच सोडली," नोल म्हणाला, आणि बायकोला, दीनाला, डोळा मारला.

ऑपरेशन नीट झालं. दोन संध्याकाळी पत्ते रंगले. मग मानेत घातलेल्या नळीपाशी लाली आली आणि अशी हुडहुडी भरली की पलंग खडखडला.

"जंतू रक्तात उतरलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणते ते तपासणीत कळेल. तोवर हे औषध." ताप काही हटेना.

नोलनं बायकोचं मनगट धरलं. "दीने, तोंड उघडू नकोस. त्या खोलीत टाकतील मला."

"मरशील ना रे, गाढवा!"

"मरेन. पण तुझं तोंड बघत मरेन."

दीना दुपारभर गप्प बसली. नोलची नखं निळी पडली तेव्हा मात्र उठली. "बाई, हा इथं आला त्या सकाळपर्यंत डुकरांतच होता."

बाई रागावल्या नाहीत. औषध बदललं, पलंग एकांताच्या खोलीकडे निघाला. "पानं वाटून ठेवतो रे!" टिनस मागून ओरडला.

औषध योग्य होतं, पण त्याला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी नोलनं डोळे उघडले, तर समोर पिवळा झगा, हातमोजे, मास्क.

"कोण?"

"मी रे."

"सगळ्याच 'मी' म्हणतात."

दीनानं मास्क खाली ओढला. काचेपलीकडून नर्सनं टकटक केली. तिनं मान वळवली नाही.

नोलनं तिच्याकडे बघून घेतलं. "पिलं?"

"येताना पाठी खाजवून आले सगळ्यांच्या."

"काळ्या कानवालीची?"

"तिचीसुद्धा."

त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही.