तिसऱ्या सर्व्हरचं नाव

इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत डेटाबेस सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले. पाठीमागे सगळे त्याला ‘शंकासूर’ म्हणायचे. रुग्णांची माहिती तीन सर्व्हरांवर असे. एक पडला की दुसरा काम उचलायचा. वॉर्डातल्या प्रत्येक संगणकाने आधी सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र बघायचं, त्यावरचं नाव जुळलं तरच बोलायचं, आणि तेही सांकेतिक भाषेत, हा नियम त्याने भांडून लागू करून घेतला होता. उभ्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं त्याने एवढंच केलं होतं.

“माझ्याकडेही मागा एकदा प्रमाणपत्र,” बायको म्हणायची. तो हसायचा नाही.

एका दुपारी मुख्य सर्व्हर पडला; दुसरा दुरुस्तीसाठी बंद होता. काम तिसऱ्याकडे गेलं आणि वॉर्डावॉर्डातल्या संगणकांचे पडदे कोरे झाले. नाव जुळत नव्हतं. गेल्याच महिन्यात नवं प्रमाणपत्र त्याने स्वतः बनवलं होतं, आणि त्यात तिसऱ्या सर्व्हरचं नाव घालायचंच राहिलं होतं. जगावर संशय घेणाऱ्याने स्वतःचं लिखाण तपासलं नव्हतं.

फोन खणाणला. अतिदक्षता विभागातली सिस्टर होती.

“दादा, पेशंटला कशाची ॲलर्जी आहे तेच दिसत नाहीये! डॉक्टर इंजेक्शन भरून उभे आहेत.”

“नवं प्रमाणपत्र बनवतो. अर्धा तास द्या.”

“अर्धा तास? अहो, पाच मिनिटं नाहीत पेशंटकडे!”

त्याच्या विभागाचे साहेब दारातच उभे होते. “नावाची तपासणी बंद कर.”

“मग आपणच सर्व्हर असल्याचं भासवून मधे कोणीही बसेल, साहेब.”

“बसू दे. तिकडे माणूस जाईल.”

त्याने बंद केली. पडदे उजळले. पेशंट वाचला. साहेबांनी पहिल्यांदाच स्वतः चहा आणून दिला; सिस्टर म्हणाली, “दादा, देवासारखे धावलात.” चहा बाजूला सारून तो नवं प्रमाणपत्र बनवायला बसला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही नावांचं प्रमाणपत्र घेऊन तो साहेबांकडे गेला.

“तपासणी परत चालू करू?”

“सगळं सुरळीत चाललंय ना? मग कशाला हात लावतोस? काल हात दाखवलास तेवढा पुरे.”

पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा विचारलं. मग वर्षाअखेरीस. प्रत्येक वेळी साहेबांना ती दुपार आठवायची, आणि त्यालाही. मग त्याने विचारणं सोडलं.

आता सगळे त्याच्याशी गोड बोलतात. पडद्यावर वॉर्डांतल्या संगणकांच्या जोडण्या येतात, सांकेतिक भाषेत बोलून जातात. समोर कोण आहे हे एकही विचारत नाही. तो बघत बसतो.