लाल दोऱ्याच्या वर आग नाही

उकाडा वाढला की वहिनी आपली वेणी काढून व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगत. छत्री टांगावी तशी. मग पदराने मानेवरचा घाम टिपून, डोक्यावर उरलेला सुपारीएवढा अंबाडा चाचपत भाजीवाल्यासमोर बसत. भाजीवाला नवा असला तर त्याची नजर खिळ्यावरून हलायची नाही. "क्या देख रहे हो भैया? नायलॉन है. भिंडी कैसे दी?"

हिंदी मुलखातल्या गोविंदपुऱ्याला लागून असलेल्या आमच्या टाउनशिपमध्ये त्यांचं क्वार्टर आमच्या समोर होतं. माहेर नागपूरचं, आवाज दोन गल्ल्यांना पुरेल असा. त्यांचे यजमान कारखान्यात मला वरिष्ठ, पण घरी त्यांचं फारसं काही चालत नसे. कुणी गंगावनाचा विषय दबक्या आवाजात काढला की वहिनी म्हणायच्या, "काहून लपवावं? चोरीचं थोडंच आहे!" तुमच्याही कॉलनीत अशी एखादी बाई असेल. आपण तिच्यावर हसतो, आणि ती समोर आली की सावरून बसतो, कारण आपलं काय काय झाकलेलं आहे ते आपल्याला माहीत असतं. माझ्याकडे झाकायला बरंच होतं. मी मुळातच कमी बोलणारा.

गणपतीत मराठी मंडळाच्या नाचांना, नाटकांना लागणारे सगळे केस वहिनी करायच्या. यजमानांच्या पेटीतलं, तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न त्यांनी कधीच ताब्यात घेतलं होतं. "त्याची केशभूषा विभागात बदली झालीये," असं यजमान सांगत. बाजारातून केसांचा झुपका आला की वहिनी आधी त्यातला एक केस ओढून मेणबत्तीवर धरत. माणसाचा केस चुरचुरून राख होतो, नायलॉनचा वितळून टोकाला मणी धरतो. मणी धरला की त्या खूश. मग वेणीचं टोक ज्योतीच्या खालच्या निळ्या भागावरून झरकन न्यायचं आणि ओल्या फडक्यात चिमटून गोल करायचं. पिवळ्या ज्योतीवर धरलं तर काजळी बसते, आणि चिमटायला उशीर झाला तर टोक खड्यासारखं कडक होऊन पाठीला टोचतं. सुटे बारीक केस त्या पेटत्या उदबत्तीने बंद करत. जाड सांध्याला मात्र सोल्डरिंग आयर्न. शेवटी आख्खी वेणी गरम पाण्यात बुडवून काढली की तिचे पेड उलगडायचं नाव घेत नसत.

माझी मुलगी मनू आठवीत होती तेव्हा तिच्या डोक्यात चाई पडली. बघता बघता केस पुंजक्या-पुंजक्यांनी गेले. डॉक्टर म्हणाले, येतील परत, वेळ लागेल. तेव्हाचं माझं वागणं आता सरळ सांगतो. मी तिला बाजारात न्यायचं टाळू लागलो. ती मात्र दर दिवसाआड आरशासमोर उभी राहून नव्या आलेल्या केसांना बोट लावून बघायची. वर्ष संपताना ते बोटभर झाले, तेव्हा तिने आईजवळ हट्ट धरला, यंदा गणपतीत नाचायचं. मी नको म्हणालो.

हे कळताच वहिनी तडक आमच्या घरात आल्या. "पोट्टी नाचते म्हणते तर काहून नाही म्हणता, भाऊजी?"

"लोक बघतील."

"नाच पाहायलाच तर येतात लोक!"

त्याच संध्याकाळी वहिनींनी मनूचं नाव नाचाच्या यादीत घातलं.

पंधरवडाभर मनू शाळा सुटल्यावर त्यांच्या व्हरांड्यात बसायची. एकीने वेणी धरायची, दुसरीने मेणबत्ती, आणि दोघींची अखंड बडबड. तिचे बोटभर केस आणि नायलॉनचे पेड वहिनींनी एकत्र गुंफून दोऱ्याने आवळले होते. जिथे तिचे स्वतःचे केस संपत, तिथे लाल दोरा बांधला. "याच्या खाली सगळं नायलॉन, काय पाहिजे ते वितळव," त्यांनी तिला बजावलं. "लाल दोऱ्याच्या वर आग नाही. वरचं तुझं आहे." मी पायरीवर पेपर वाचत होतो. मी ते ऐकलं होतं.

नाचाच्या संध्याकाळी मी घुंगरू द्यायला रंगपटात गेलो. मनू पाठमोरी बसली होती. नुकतंच काजळ घातलेलं, म्हणून डोळे मिटलेले. वहिनी पलीकडच्या खोलीत पिना आणायला गेल्या होत्या. पावलं ऐकून मनू म्हणाली, "काकू, वरून सुटतेय हो वेणी."

मी घुंगरू बाजूला ठेवले. सुटलेला सांधा दिसत होता, तापलेलं सोल्डरिंग आयर्न शेजारी होतं, आणि कारखान्यात आयुष्यभर मी तेच तर करत आलो होतो, सुटलेला सांधा डाग देऊन पक्का करायचा. मी लाल दोऱ्याच्या वर टेकवलं.

आधी प्लॅस्टिकचा वास आला, मग जळक्या केसांचा. नायलॉन वितळून तिच्या केसांत मुरला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा काळा खडा झाला. टाळूला चटका बसला नाही एवढंच नशीब. दारात वहिनी उभ्या होत्या. दोन ढांगांत येऊन त्यांनी सोल्डरिंग आयर्न माझ्या हातातून काढून घेतलं, तोवर मनूने मागे वळून पाहिलं.

"काय जळलं?"

"चुकलं गं माझ्याकडून," वहिनी म्हणाल्या.

खडा कापावाच लागला. त्याबरोबर टाळूवरचे, सगळ्यांत आधी आलेले केस गेले. मनू मुसमुसून रडली. वहिनींनी स्वतःची वेणी उपसली, काळ्या पट्टीवर शिवली, पट्टी तिच्या डोक्याला घट्ट बसवून वरून गजरा माळला. मी तोंड उघडणार हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. स्टेजपर्यंत न्यायला तिला बाप लागेल. माझ्यावर रुसली तरी चालते. उद्या सांगा."

मनू माझा हात धरून स्टेजपर्यंत आली. आणि नाचली, अशी नाचली की वन्समोअर मिळाला. वहिनी पहिल्या रांगेत सुपारीएवढ्या अंबाड्यानिशी बसून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या.

तो उद्या मी येऊ दिला नाही. मनूने वेणी माझ्याच हातून परत पाठवली आणि काकूंशी बोलणं टाकलं. कशाचीही लपवाछपवी न करणाऱ्या त्या बाईने एक गोष्ट लपवली, ती माझी. वेणी घेताना त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि ती खिळ्याला टांगली. पुढे यजमान रिटायर झाले आणि ते दोघं नागपूरला गेले. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मनू खोलीतून बाहेर आली नाही.

केस यथावकाश आले, दाट आले. मनू आता इंदूरला नाच शिकवते. गेल्या महिन्यात ती घरी आली होती. अंगणात केस विंचरत बसली असताना मी सगळं सांगितलं. फणी केसांतच राहिली.

"म्हणजे काकूंनी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"आणि तुम्ही मला त्यांच्याशी अबोला धरू दिलात. इतकी वर्षं."

"हो."

त्या दिवशी ती माझ्या पंगतीला जेवली नाही. सकाळी मात्र बॅग भरून समोर उभी राहिली. "पत्ता द्या." पत्ता माझ्याकडे होता, कधी न वापरलेला.

"मीही येतो."

"तुम्ही नंतर या. आधी मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपुराहून तिचा फोन आला. जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, आवाज अगदी बारीक. "बाबा, दारात उभी आहे. अजून वाजवलं नाही. बाहेर खिळ्याला वेणी टांगलीये."

कडी काढल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. आणि त्यामागून तो, दोन गल्ल्यांना पुरणारा:

"काय पाहतेस गं पोरी? नायलॉन आहे."