केनवडचा म्हातारा राजा

केनवडचे पंजाबराव जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर हौस उरली ती चौदा एप्रिलच्या नाटकाची. आवाज खणखणीत, पण वाट्याला कायम पहारेकरी नाहीतर दवंडीवाला. तरी आपलं एकुलतं वाक्य ते असं फेकायचे की शेवटच्या रांगेतूनही टाळी यायची.

मुलगा प्रसेनजित घरी बसून पुण्याच्या एका स्टुडिओचं काम करायचा. कॉम्प्युटरवर माणसं, घोडे, राक्षस चालते-बोलते करायचे, हा त्याचा धंदा. पंजाबरावांच्या लेखी मात्र पोरगा दिवसभर गेम खेळायचा.

यंदा एका गाजलेल्या व्हिडिओ गेमचा नवा भाग येणार होता. त्याच्या सिनेमासारख्या ट्रेलरमधला म्हातारा राजा प्रसेनजितच्या वाट्याला आला. राजा कितीतरी वर्षांनी आपल्या जळालेल्या महालात परततो, सिंहासनापाशी जातो आणि बसतो. काम एवढंच, पण गेमवाले ते परत परत माघारी पाठवत होते. राजा म्हातारा दिसतो, पण बसतो जवान माणसासारखा, अशी त्यांची तक्रार होती.

शेवटी प्रसेनजित वडिलांकडे आला. "बाबा, जरा आंगनात येता काय? तुमाले राजा करतो."

पंजाबराव लगेच उठले. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची सिंहासन झाली. खांद्यावर चादर आली. तलवार म्हणून त्यांनी तुराटी उचलली, पण प्रसेनजितनं हातात लोखंडी सब्बल, म्हणजे पहार दिली. हाताला वजन जाणवलं पाहिजे, म्हणाला. त्यांच्या चालण्या-बसण्यावरून राजा बेतायचा, म्हणून सून सपना मोबाइलवर शूटिंग घ्यायला उभी राहिली.

पंजाबराव चार पावलं चालले, छाती फुगवून थांबले आणि गरजले, "प्रजाजनहो!"

कुंपणावरची कोंबडी फडफडत उडाली. सपनाला हसू आवरेना.

"बाबा, तो काईच बोलत नाई," प्रसेनजित म्हणाला.

"बोलत नाई? मंग राजा कायचा?" सब्बल भिंतीला टेकवून पंजाबराव तडक स्टँडवर चहाला निघून गेले.

संध्याकाळी लिलाबाईंनी नवऱ्याला भाकर वाढता वाढता सुनावलं, "पोराचं काम अडून राह्यलं, अन् तुमी कायले रुसून बसले?"

पंजाबराव जेवून तसेच झोपले. पण सकाळी कुणी न बोलावताच चादर पांघरून अंगणात हजर झाले. "घे, काढ."

या वेळी ते बोलले नाहीत. सब्बलीच्या ओझ्यानं खांदा एका बाजूला झुकला होता. खुर्चीपाशी येऊन थोडं थांबले. खुर्चीवर रात्रीची धूळ होती. त्यांनी चादरीच्या टोकानं ती पुसली आणि गुडघ्यावर हात देत सावकाश बसले.

"बाबा, हे काहून पुसलं?"

"आदत हाय. गाडीत चढलो का पयले सीट पुसो मी. आपली जागा व्हय ना ते."

प्रसेनजितनं घाईघाईनं सपनाकडे पाहिलं. "आलं ना यात?"

"सगळं आलं," ती म्हणाली.

मग कित्येक दिवस प्रसेनजित त्या राजाला घडवत राहिला आणि पंजाबराव स्टूल घेऊन त्याच्या पाठीमागे बसत राहिले. "पाठ अजून वाकव," म्हणायचे. कधी नुसतेच बघत राहायचे. कॉम्प्युटरवर एका माणसाची बोटं मिटवायला इतका वेळ लागतो, हे त्यांना आधी ठाऊकच नव्हतं. काम पाठवलं, तसं एकदाचं पसंत पडलं.

ट्रेलर आला त्या दिवशी टीव्हीसमोर शेजारपाजारचे जमले. डोंगर जळाले, घोडे धावले. मग पांढऱ्या दाढीचा, निळ्या डोळ्यांचा परका राजा आत आला. झग्याच्या टोकानं त्यानं सिंहासनावरची राख पुसली आणि गुडघ्यावर हात देत बसला.

"अवो बाई! हे तं तुमीच व्हय!" लिलाबाई ओरडल्या.

पंजाबरावांनी स्टूल टीव्हीजवळ ओढलं. "लाव पुन्हा," ते म्हणाले. प्रसेनजितनं पुन्हा लावलं, आणि शेजाऱ्यांनी मागितलं म्हणून आणखी एकदा.

चहा घेताना तो सहज म्हणाला, "पुढच्या कामात एक म्हातारी जादूगारीण हाय."

लिलाबाईंनी कपबशी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि विचारलं, "तिले काय काय करा लागते, ते तं सांग."